१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी एक विषय

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सदस्य, पोलीस पाटील
आणि समस्त ग्रामसभा, वराळे,
ता. मावळ, जि. पुणे



१५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. वराळ्यावरून वाहत जाणारे पाणीच पुढे कुंडमळ्याला पोहोचते, त्यामुळे ही बातमी आपल्याकडे लांबच्या गावची म्हणून कोणी वाचली नाही. त्यानंतर पुलांच्या तपासण्या झाल्या, बंदीचे फलक लागले, पर्यटकांना शिव्या घालून झाल्या. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सतत खुपते आहे. सुरक्षेची एवढी चर्चा झाली, पण नदीची सर्वांत बारीक माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना त्या चर्चेत कोणीच बोलावले नाही.

मी मावळातल्या कातकरी वस्त्यांबद्दल लिहितो आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत त्या आहेत; कुठे नदीकाठी, कुठे ओढ्याच्या वर, कुठे कुणाच्या तरी मालकीच्या माळावर. सोबत ठाकरवाड्या आहेत, डोंगराच्या अंगाला महादेव कोळ्यांची गावे आहेत. कातकरी माणूस लहानपणापासून मासे-खेकडे धरतो. कुठल्या डोहात पाणी खालून ओढते, खडकातले रांजणखळगे कुठे आहेत, वर धरणाचे पाणी सोडले की इथे चढायला किती वेळ लागतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कुणी बुडाले की शोधायला त्यालाच हाक जाते. शोध संपला की तो परत आपल्या वस्तीवर जातो, आणि पुढच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत त्याची खुर्ची नसते.

याच माणसाकडे आपण दुसऱ्या वेळी कसे पाहतो, तेही लिहायला हवे. विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली, बांधकामावरच्या सळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या, की गावात पहिले वाक्य उमटते: ‘आधी वस्तीवर बघा.’ मावळातल्या अनेक गावांत, चांगल्या, देवभोळ्या, अडल्यानडल्याला धावून जाणाऱ्या माणसांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. कोणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण त्या एका वाक्यातून पुढचे सगळे सुरू होते. रात्री गाडी वस्तीवर जाते, पुरुष रानात पळतात, पळाले म्हणजेच चोर असे ठरते. दोन पोरांना उचलले जाते. आठवड्याने केबल कुठल्या तरी भंगारवाल्याकडे दुसऱ्याच टोळीच्या नावावर सापडते आणि वस्तीवर जाऊन ते सांगायला कोणी जात नाही.

यात नुकसान कोणाचे होते? त्या पोरांचे तर होतेच. पण गावाचेही होते, आणि ते गावाच्या लक्षात येत नाही. गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला अपरात्री आलेला अनोळखी टेम्पो सर्वांत आधी दिसतो. नदीपात्रात रात्री चाललेला वाळूउपसा त्यालाच दिसतो. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन अवेळी चढते आहे, वरच्या अंगाला जमीन फाटली आहे, हे त्यालाच आधी कळते. तो ते सांगायला येत नाही, कारण सांगायला गेलो तर आपल्यालाच बसवून ठेवतील अशी त्याची खात्री असते. वस्तीवरच्या बाईला नवऱ्याने मारले तरी ती ठाण्याची पायरी चढत नाही. वीटभट्टीवरच्या मुकादमाने उचल फिटली नाही म्हणून पोरगा ठेवून घेतला, तरी बाप तक्रार करत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. पण कायद्यापर्यंत जाणारी वाट पोलीस ठाण्यातून जाते, आणि ती वाट त्याला माहीत आहे ती फक्त आरोपी म्हणून.

इथे मला मावळच्या शेतकऱ्यांना एक आठवण करून द्यायची आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ, द्रुतगती महामार्गावर, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. त्यानंतर कितीतरी दिवस खाकी गाडी गावात शिरली की लोकांच्या पोटात गोळा यायचा. त्या वेळी आपण म्हणत होतो की आमचे म्हणणे आधी ऐकून घ्यायला हवे होते, आमच्या जमिनीचा निर्णय आमच्याशी बोलून व्हायला हवा होता. ते म्हणणे रास्त होते. वस्तीवरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या नेमके तेच मनात धरून आहे. मावळाला ही भीती परकी नाही, म्हणून हे पत्र मावळातल्याच गावाला लिहावेसे वाटले.

संशयाची ही सवय गावकऱ्यांनी शोधून काढलेली नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांची हजेरी घेतली, त्यांना कुंपणात ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला. त्या जमाती तेव्हापासून विमुक्त म्हणवतात. कातकरी अनुसूचित जमातीत मोडतात, पण पारध्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते तीच नजर त्यांच्याही वाट्याला आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांतला जातिभेद रद्द केला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असेही बजावले. निकाल दिल्लीत लागला. आपल्या बीट अंमलदारापर्यंत आणि आपल्या पारावर तो पोहोचायचा आहे.

आता दुसरी बाजू. अविश्वास एकाच दिशेने वाहतो असे नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले या आदिवासी गावात दोन साधू आणि त्यांचा चालक, अशा तिघांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते, चोर-दरोडेखोर फिरताहेत अशा अफवा त्या भागात पसरल्या होत्या. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारले. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. मंगळवेढ्याकडची ही भिक्षा मागून जगणारी माणसे होती. त्या गावांना दोष देऊन मला हात झटकायचे नाहीत. दोन्ही ठिकाणी परका माणूस आला तेव्हा, ‘थांबा, मी यांची खात्री करून देतो,’ असे म्हणून जमावाला ऐकायला लावील असा दुवा उरला नव्हता. असा दुवा घटनेच्या रात्री तयार होत नाही. तो आधी तयार असावा लागतो, आणि त्याचे नाव दोन्हीकडच्या लोकांना पाठ असावे लागते.

पावसाळ्याचे तर विचारूच नका. १९८९ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात भाज्याला दरड कोसळली, ते जुन्या माणसांना आठवत असेल. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे मेली, आणि बाहेरच्या जगाला ते कळले ते एका एसटी चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी, ठाकरांची वाडी, गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडले नाहीत, आणि अखेर शोध थांबवावा लागला. धोकादायक ठिकाणांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. वर जायला रस्ता नव्हता; बचावपथके, खोपोलीचे यशवंती हायकर्स, आसपासचे गिर्यारोहक, सारे चिखलातून पायी चढले. यादी तज्ज्ञ करतात, ते आवश्यकच आहे. पण वाडीवरच्या म्हाताऱ्यांनी ‘यंदा वरचा झरा जागा सोडून फुटला’ असे सांगितले, तर ते नोंदवून घेणारे रजिस्टर कुठल्या कार्यालयात असते? ते गावातच असायला हवे.

आपल्या भागाचे भाग्य असे की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी तुकडी आपल्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. लोणावळ्याला शिवदुर्ग मित्र आहेत, तळेगाव-वडगाव भागात वन्यजीव रक्षक मावळची मुले आहेत. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, कुंडमळ्याला पूल पडला, अशा प्रत्येक वेळी हे लोक धावतात. दोर, होड्या, जाकिटे, प्रशिक्षण, सगळे आहे. यांना आणि नदीकाठच्या वस्तीला एकत्र बसवायचे काम फक्त गावच करू शकते.

आता ज्या मुद्द्यासाठी पत्र लिहायला घेतले तिकडे वळतो.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार तिथला पाडासुद्धा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो, स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो, तंटे मिटवू शकतो. मावळ या क्षेत्रात नाही. इथल्या कातकऱ्याची जमात तीच, गरिबी तीच. केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिम जमातींत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, त्यांतला तो एक. पण त्याच्या वस्तीला स्वतःची सभा नाही. त्याचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून. १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन योजना आली, घरकुले येऊ लागली, दाखल्यांची शिबिरे झाली, हे चांगलेच झाले. त्यात तो लाभार्थी आहे. गावाच्या निर्णयात मात्र तो अजून नाही.

जगात इतरत्र हा प्रश्न वेगळ्या पायरीवर आहे. अमेरिकेत आदिवासी जमातींची स्वतःची सरकारे, स्वतःचे पोलीस, स्वतःची न्यायालये आहेत. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात ठरवले की, आदिवासी न्यायालयाला आदिवासी नसलेल्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. त्यामुळे हद्दीवर घडलेल्या गुन्ह्यात कोणी हात घालायचा याचा घोळ वर्षानुवर्षे चालला. त्यावर काही ठिकाणी उपाय निघाला तो लेखी कराराचा. उत्तर कॅलिफोर्नियात युरोक जमातीच्या पोलिसांना शेजारच्या काउंटीच्या शेरीफने आपले अधिकार दिले, म्हणजे हद्द कोणाची हे न पाहता जो जवळ असेल तो धावेल. तिथेही वाद संपलेले नाहीत. पण दोन सत्ता समोरासमोर बसून कागदावर आल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे वस्तीच्या हाती सत्ता नाही. तेव्हा गावानेच मोठेपणा दाखवून तिला समोर बसवायचे आहे.

आणि हद्दीचा घोळ आपल्याकडेही आहेच. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तळेगावचा भाग तिकडे गेला; वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये राहिले. वस्तीवरच्या माणसाचे सोयरे दोन्हीकडे आहेत. कामावर तो एकीकडे, राहायला दुसरीकडे. माणूस हरवला तर कुठल्या ठाण्यात जायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. खरे तर तक्रार कुठेही घ्यावी लागते, हद्द नंतर पाहायची, हा नियम आहे. तो वस्तीवर जाऊन समजावून सांगायला कोणी तरी हवे.

ग्रामसभेच्या चार ठरलेल्या तारखा आपण सगळे जाणतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यांतल्या पहिल्या दोन तारखांना वस्ती रिकामी असते. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे गावाच्या वर्षातल्या अर्ध्या सभा त्यांच्यावाचूनच होतात, आणि आपण म्हणतो, ‘ते येतच नाहीत.’ उरलेल्या दोन सभा दिवसा भरतात, मजुरी बुडवून यावे लागते, आले तरी कडेला उभे राहावे लागते. तेव्हा वेळ आहे ती १५ ऑगस्टची. पाऊस चालू असतो, नदी भरलेली असते, लोक घरी असतात.

म्हणून माझी विनंती अशी. १५ ऑगस्टच्या आधी, एखाद्या संध्याकाळी कामावरून लोक परतल्यावर, सरपंच, पोलीस पाटील आणि दोन-चार जाणत्या स्त्रियांनी आपल्या परिसरातल्या वस्तीवर जाऊन बसावे. समाजमंदिरात बोलावू नये; तिथे, त्यांच्या अंगणात. पहिल्या बैठकीत काही मागू नये, काही वाटू नये, फोटो काढू नयेत. त्यांनी आपल्यातली दोन बायका आणि दोन पुरुष निवडावेत, गावाने नावे सुचवू नयेत. ही नावे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावीत आणि दोन्ही हद्दींतल्या ठाण्यांना कळवावीत.

त्यानंतर एक साधा समझोता, एक पानाचा. चोरी झाली तर गावातला कोणीही जमाव घेऊन, विशेषतः रात्री, वस्तीवर जाणार नाही. जायचेच असेल तर पोलीस पाटील जातील, आणि निवडलेल्यांपैकी एक जण सोबत असेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेच्या पत्रकावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. ती प्रतिष्ठित व्यक्ती वस्तीतली का असू नये? वस्तीनेही आपल्या बाजूने शब्द द्यावा की आपल्यातल्या कोणी चोरी केली तर त्याला लपवणार नाही. आणि गावाने तोच शब्द द्यावा की गावातल्या कोणी वस्तीवरच्या माणसाला मारले, मजुरी बुडवली, बाईची छेड काढली, तर भावकी म्हणून पाठीशी घालणार नाही. यातला दुसरा शब्द पाळणे गावाला जड जाणार आहे. समझोता खरा की कागदी, हे तिथेच कळेल.

ग्रामसुरक्षा दलात वस्तीवरची मुले घ्यावीत. बॅटरी, शिट्टी, ओळखपत्र इतरांना तेच त्यांना, आणि फेरीही मिश्र. पुरात किंवा बुडालेल्याच्या शोधात उतरणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत, त्यांना दिवसाची मजुरी आणि विमा मिळेल असे पाहावे, आणि एनडीआरएफकडून वर्षातून एकदा, जूनच्या आधी, त्यांच्यासोबत सराव मागावा. जवानांना दोर येतो, यांना डोह येतो. दोघांनी एकमेकांकडून शिकावे. ११२ वर फोन केला तर गाडीला वस्ती सापडावी म्हणून रस्त्यावर पाटी, घरांना क्रमांक, एवढे तरी ग्रामपंचायत लगेच करू शकते.

एक काळजी मात्र घ्यावी. दिवाळीनंतर कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर, कोणत्या मुकादमाबरोबर गेले याची वही असली, तर वेठबिगारी आणि मुलांची ओढाताण रोखायला फार उपयोग होईल. पण ही वही वस्तीतल्या बायकांनी लिहावी आणि त्यांच्याकडेच राहावी. गरज पडली तर त्यांनी पोलीस पाटलांना दाखवावी. ती ठाण्यात जाऊन पडली की १८७१ ची हजेरी पुन्हा सुरू झाली असेच समजा.

कोणी म्हणेल, एवढे करूनही चोऱ्या थांबणार आहेत का? काही होतीलच. तळेगावभोवती कारखाने वाढले, वसतिगृहे वाढली, भाडेकरू वाढले, भंगाराचा धंदा वाढला; गुन्हे कुठून येतात हे पोलिसांना ठाऊक आहे. पण चोरी झाल्यावर गाव कोणाला हाक मारते आणि कोणावर धावून जाते, हे तरी आपल्या हाती आहे.

हा विषय वराळ्याने आधी घेतला तर आंबी, इंदोरी, नवलाख उंबरे, पुढे कामशेतपर्यंतची गावे पाहतील आणि विचारतील. कृपया १५ ऑगस्टच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा. त्याआधी होणाऱ्या महिलांच्या सभेपुढेही ठेवावा, कारण वस्तीवरच्या बायका तिथे अधिक मोकळेपणी बोलतील. सूचना फलकावर लावून थांबू नये, वस्तीवर जाऊन वाचून दाखवावी. आणि पहिला आढावा २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा, भट्ट्यांची उचल वाटली जाण्याच्या आत.

कळावे,

आपला,
तळेगाव परिसरातील एक रहिवासी